पहिली, तिसरी, दुसरी

मामांचा पहिला आक्षेप खिडकीवर होता. शिरूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीच्या खिडकीला मल्चिंग पेपर चिकटवलेला होता. कलिंगडाच्या वाफ्यावर अंथरतात तोच, शेतातून उरलेला तुकडा. आत भाचीचा नवरा झोपला होता. रांजणगाव एमआयडीसीत तो तीन पाळ्यांत काम करतो आणि हा आठवडा रात्रीचा होता. मामा दौंडचे. आधी मालगाडीवर, पुढे मेल-एक्सप्रेसवर लोको पायलट म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. भाची ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आतला माणूस उठायला नको म्हणून दोघं माझ्यासमोर दबक्या आवाजात भांडत होती. दबक्या आवाजात भांडायचं तर शब्द जपून वापरावे लागतात. त्यामुळेच कदाचित तो वाद ऐकण्यासारखा झाला.

मामा : घराला उजेड नको का गं? ही काय तऱ्हा?

भाची : इथं बाहेर आहे की उजेड, मामा. आतल्या खोलीत सध्या रात्र आहे.

मामा : रात्र अशी चिकटवून येत नसती. आमच्या टायमाला कॉल बॉय कॉल बुक घेऊन दारात यायचा. रात्री दीडला आला तर दीडला उठायचं, सही करायची, डबा घ्यायचा, लॉबीत जायचं. झोपायचं कधी? ड्यूटी सुटली की. उजेड असो नाहीतर नसो. अंगाला सवय होती.

भाची : सवय होते म्हणता, मग पहाटे चारला काय व्हायचं?

मामा जरा थांबले. खोटं बोलणारा माणूस नव्हे.

मामा : सोलापूरहून गाडी घेऊन निघालं आणि जेऊर-भिगवणच्या टप्प्यात चार वाजले, की डोळे उघडे असायचे आणि माणूस जागेवर नसायचा. सिग्नल पुकारायचा नियम आहे तो काय उगाच? मी म्हणायचं, असिस्टंटनं म्हणायचं. एकाचं तोंड बंद पडलं की दुसऱ्याला कळतं. आता तर इंजिनातच यंत्र बसवलंय. मिनिटभर हात कशालाच लागला नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरी हालला नाहीत तर ब्रेक लागतो. माणूस डुलकी घेणार हे रेल्वेनं धरूनच चाललंय.

भाची : म्हणजे इतक्या वर्षांतही अंगाला सवय झाली नाही.

मामा : जागं राहायची झाली. आतलं घड्याळ हललं नाही, ते मला मान्यच आहे. म्हणून तर म्हणतो, जे हलत नाही त्याच्या नादी लागू नये. मिळेल तेव्हा झोपायचं, पुढच्या रात्रीला उठायचं, आणि चारची वेळ सांभाळायची. तू पेपर लावून घड्याळच फिरवायला निघालीस.

इथं मला वादाचा खरा सांधा दिसला. मला वाटलं होतं, एक जण सवयीच्या बाजूचा आणि एक विज्ञानाच्या बाजूची, असं काहीतरी असेल. तसं नव्हतं. घड्याळ दोघांनाही मान्य होतं. ते हलवावं की जिथं आहे तिथं राहू द्यावं, एवढाच प्रश्न होता. पाळीच्या कामाचा अभ्यास करणाऱ्यांतही याच प्रश्नावर दोन तट आहेत.

भाची : हलत नाही असं नाही, हळू हलतं. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, पेशींचे दोन बारके पुंजके आहेत. सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. साधारण वीस हजार पेशी. त्यातली एकेक पेशी वेगळी काढून ठेवली तरी आपापला दिवस मोजत राहते. माणसात तो दिवस चोवीस तासांहून सरासरी दहा-बारा मिनिटं मोठा असतो. बाहेरून कुणी रोज लावून दिला नाही, तर रोज तेवढा मागं पडत जाईल.

मामा : आणि लावून देतो कोण? सूर्य.

भाची : डोळ्यांत शिरणारा उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघण्यासाठी नाहीतच. निळसर उजेड किती आहे, एवढंच त्या मेंदूतल्या पुंजक्यांना कळवतात. त्यांचा पत्ता २००२च्या सुमाराला लागला. काही आंधळ्या माणसांना काहीच दिसत नाही, पण या पेशी शाबूत असतात. त्यांचं घड्याळ सूर्याबरोबर नीट चालतं.

मामा : हे मला नवीन आहे.

भाची : घड्याळ आतलं आहे ही गोष्ट मात्र फार जुनी. १७२९मध्ये फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या माणसानं लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं. ऊन नव्हतं, तरी पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली.

फळमाशीच्या घड्याळाचे जीन शोधणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. शिरूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, नगरच्या अहमदनगर महाविद्यालयातही फळमाशीच्याच घड्याळावर काम झालं आहे. हिमालयातून आणलेल्या माश्या कोशातून दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर पडतात, हे तिथं तपासलं गेलं. हे मी मध्येच सांगितलं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालू केलं.

मामा : बरं, पेशी झाल्या. मग तुझा नवरा रात्रभर कंपनीत दिव्याखाली असतो. तेवढ्यानं हलू दे की घड्याळ.

भाची : शॉपफ्लोअरचा उजेड काही शे लक्स. दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास. ढग नसले तर सकाळी साडेसहा-सातचं कोवळं ऊनसुद्धा काही हजारांत जातं. पण खरी गोम उजेड किती यात नाही, तो कधी पडतो यात आहे. अंगाचं तापमान पहाटे सगळ्यात खाली जातं. नेहमी सहा-साडेसहाला उठणाऱ्याचं चार-साडेचारला.

मामा : म्हणजे जेऊर-भिगवण.

भाची : तेच. त्या वेळेच्या आधी डोळ्यांत उजेड गेला तर घड्याळ पुढच्या दिवशी उशिरा चालायला लागतं. त्या वेळेनंतर गेला तर लवकर. रात्रपाळीवाल्याला काय हवं? घड्याळ उशिरा सरकायला हवं, म्हणजे ती चारची वेळ ढकलत-ढकलत दिवसाच्या झोपेत जाईल. रात्रभराचे दिवे ते थोडं तिकडं ढकलतातही. मग सहाला पाळी सुटते आणि हे बसमध्ये बसतात. रांजणगावहून शिरूर कोणत्या दिशेला?

मामा : उगवतीला.

भाची : उगवतीला! सगळा रस्ता सूर्य समोरच्या काचेतून थेट डोळ्यांत. रात्रभरात घड्याळ जेवढं पुढं ढकललं होतं, तेवढं सकाळची ती बस ओढून मागं आणते. शिक्रापूर-वाघोलीकडं जाणाऱ्यांच्या निदान पाठीवर ऊन असतं. म्हणून यांना गडद गॉगल घ्यायला लावला.

मामा : गॉगल! पहाटे पाळीवरून गॉगल लावून उतरतात जावईबापू? स्टँडवर लोक काय म्हणत असतील?

भाची : पहिले चार दिवस म्हणाले. बसनं येतात म्हणूनच लावू दिला. मोटारसायकलवर असते तर नसता लावू दिला, आधीच पेंगलेला माणूस. कॅनडात नर्सेसवर हेच करून पाहिलं होतं. रात्री कामावर जास्त उजेड, सकाळी घरी येताना गडद चष्मा आणि झोपायला पुरता अंधार. त्यांची घड्याळं सरकली. त्याआधी १९९०मध्ये हार्वर्डमध्ये रात्री सात ते बारा हजार लक्स उजेड आणि दिवसा जवळजवळ काळोख दिला, तर आठवड्याच्या आत तापमानाचा तळ पहाटेवरून दुपारपर्यंत गेला. माणसाचं घड्याळ हलतं, मामा. उजेड आणि अंधार दोन्ही हातात असले की हलतं.

मामा : दोन्ही हातात असले की. हार्वर्डमध्ये दारावर गॅसवाला येत नसेल.

भाची हसली, आणि लगेच आतल्या दाराकडे बघून गप्प झाली.

मामांचा पुढचा प्रश्न मला फार नेमका वाटला. पेशी उजेड ओळखतात, आणि बाकीचं शरीर त्यांचं ऐकतं, तर एका दिवसात का होत नाही? मोबाइलचं घड्याळ विमानातून उतरताच बदलतं. भाचीनं सांगितलं ते थोडक्यात असं. या वीस हजार पेशींतल्या डोळ्यांच्या नसांजवळच्या पेशी आधी सरकतात, वरच्या पेशी मागाहून. एकमेकींना धरून राहण्यासाठी त्या व्हॅसोप्रेसिन नावाच्या रसायनातून निरोप पाठवतात. जपानमधल्या क्योटोच्या संशोधकांनी २०१३मध्ये हे निरोप पोचतच नाहीत असे उंदीर तयार केले आणि उजेडाची वेळ एकदम आठ तासांनी बदलली. साध्या उंदरांना जुळायला आठवड्याहून जास्त लागला, हे उंदीर जवळजवळ लगेच नव्या वेळेला लागले. म्हणजे उशीर होतो तो पेशी एकमेकींना सोडत नाहीत म्हणून. आणि मेंदू सरकला तरी काम संपत नाही. यकृत, फुप्फुसं, स्नायू यांची आपापली घड्याळं असतात आणि ती आणखी मागून येतात. त्यातलं यकृत तर उजेडापेक्षा जेवणाची वेळ जास्त मानतं.

मामा : हे मला सांगू नको, हे मला कळलं. अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी उठताना बघ कधी. इंजिन हललं म्हणजे गाडी हलली नाही. एकेका कपलिंगची ढील निघत जाते, आणि ब्रेकव्हॅनला धक्का बसतो तेव्हा इंजिन बरंच पुढं गेलेलं असतं. घाईनं ओढलं तर मधे कपलिंग तुटतं.

भाची : तुटतंच. व्हर्जिनिया विद्यापीठात २००६मध्ये म्हाताऱ्या उंदरांची उजेडाची वेळ दर आठवड्याला सहा तासांनी बदलत ठेवली. ज्यांची वेळ बदललीच नाही त्यांतले शंभरात त्र्याऐंशी जगले. ज्यांची वेळ दर वेळी उशिरा केली त्यांतले अडुसष्ट. ज्यांची लवकर केली त्यांतले सत्तेचाळीस.

मामा : उंदरं आहेत ती.

भाची : हो, उंदरंच आहेत. पण माणसाच्या रात्रपाळीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि २०१९मध्ये पुन्हा तपासून तिथंच ठेवलं. उंदरांवरून मला दिशा कळते, एवढंच. आपला आतला दिवस चोवीसहून थोडा मोठा, म्हणून उशिरा जाणं सोपं आणि लवकर येणं जड. साधारण दिवसाला तासभर सरकतं, लवकरच्या बाजूला त्याहूनही कमी. आता यांच्या पाळ्या बघा. पहिली सहा ते दोन. पुढच्या आठवड्यात तिसरी, दहा ते सहा. मग दुसरी, दोन ते दहा. मग पुन्हा पहिली.

मामा : पहिली, तिसरी, दुसरी. उलटी.

भाची : दर आठवड्याला आठ तास लवकर. घड्याळ सहा दिवसांत जेमतेम निम्मं सरकतं न सरकतं, तोवर पुढची पाळी. पहिली, दुसरी, तिसरी अशी सरळ लावली तरी पुष्कळ फरक पडतो. अमेरिकेत यूटामध्ये पोटॅशच्या कारखान्यात उलटी चाल बदलून सरळ केली, आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलायला लागले. कामगार जास्त समाधानी झाले, उत्पादनही वाढलं. १९८२चं आहे हे. आपल्याकडं कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत, इथं रांजणगावला एवढ्या कंपन्या, आणि कितीतरी ठिकाणी अजून उलटीच चाल.

मामा : तुझ्या मनात मग काय आहे? कायम रात्रपाळीच द्यायची माणसाला?

भाची : एका माणसाला सहा-आठ महिने तीच पाळी दिली, तर घड्याळ निदान कुठंतरी मुक्काम करेल.

मामा : करतं का? खरं सांग. तू वाचलंयस, मी नाही.

तिनं खरं सांगितलं. कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरचे अभ्यास २००८मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा पूर्ण जुळलेले शंभरात तीनही निघाले नाहीत. बऱ्यापैकी जुळलेलेही चौथाईच्या आत.

मामा : बघ! आणि ते का, ते तुला प्रयोगशाळेत नाही सापडायचं, मी सांगतो. सुट्टीच्या दिवशी माणूस माणसात येतो. लग्न असतं, दहावा असतो, पोराची शाळा असते, यात्रा असते. तेवढ्या एका दिवसाच्या उन्हात सगळं मूळ जागी. मग सहा महिने रात्रपाळी म्हणजे सहा महिने जेऊर-भिगवण. त्यापेक्षा दोन रात्री द्या आणि सोडा. घड्याळाला कळायच्या आत माणूस परत दिवसात. २०२४च्या जूनमध्ये दक्षिण रेल्वेतल्या लोको पायलटांनी आंदोलन केलं ते कशासाठी? सलग दोनपेक्षा जास्त रात्री नकोत. त्यांनी पेशी नाही मोजल्या. अंगावरून कळलं त्यांना.

युरोपात बऱ्याच ठिकाणी असंच करतात, दोन-दोन दिवसांत पाळी बदलतात, हे भाचीनं स्वतःहून मान्य केलं. पण तिच्याकडे अजून एक पत्ता होता. शिकागोच्या रश विद्यापीठातली मंडळी म्हणतात, घड्याळ पुरतं फिरवूच नका, अर्ध्यावर थांबवा. तापमानाचा तळ पहाटे चारवरून सकाळी दहापर्यंत नेला की पुरे. मग पाळीनंतर साडेआठ ते साडेतीन झोपायचं आणि सुट्टीला पहाटे तीन ते दुपारी बारा. सगळ्यात जड वेळ दोन्हीकडे झोपेत जाते, आणि सुट्टीची संध्याकाळ घरच्यांबरोबर मिळते.

मामा : सुट्टीच्या रात्री तीनपर्यंत शिरूरमध्ये जागायचं कुणाबरोबर? आणि तू? तू सकाळी कॉलेजला जातीस, रात्री त्यांच्या वेळेला जेवण वाढतीस, दुपारी पोराला गप्प बसवतीस. त्यांचं घड्याळ सांभाळायला तू आहेस. तुझं?

भाचीनं उत्तर दिलं नाही. कागदावर हे सगळं नीट बसतं, यात कागदाची चूक नाही. पण या अभ्यासांतले लोक बहुतेक एकेकटे मोजलेले असतात, आणि आपल्याकडे रात्रपाळी एकट्याची क्वचितच असते. माझं मत विचाराल तर विज्ञान भाचीच्या बाजूनं जास्त आहे आणि घर मामांच्या बाजूनं.

मामांनीच विषय बदलला. पाटसजवळच्या धाकट्या भावाच्या उसाचा निघाला. शेतीपंपाला वर्षानुवर्षं पाळीपाळीनं वीज : दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. इकडे घोडनदीच्या काठानं जांबूत-पिंपरखेडकडे तर बिबट्याच्या भीतीनं अंधारात रानात पाय टाकवत नाही.

मामा : त्याची पाळी कुठल्या मस्टरवर आहे? ना ओव्हरटाइम, ना बस.

भाची : आणि त्यांचं घड्याळ तर हलतही नाही. बॅटरीचा उजेड त्याला पुरत नाही, आणि सकाळी पुन्हा उन्हात उभे. आठवडाभर रात्री जागून माणूस पुरा दिवसाचाच राहतो. त्यांच्यासाठी एकच उपाय, दिवसा वीज.

सौर कृषी वाहिनी योजना २०१७ची, तिचा दुसरा टप्पा २०२३चा. दिवसा वीज देण्यासाठीच ती आहे. जिथं पोचली तिथं रात्रीचं जागरण संपलं. मामांच्या भावापर्यंत अजून पोचली नव्हती, त्यामुळे त्यावर दोघांत वाद झाला नाही.

वाद पुन्हा पेटला तो अर्जावर. भाचीनं कंपनीतल्या कामगारांसाठी अर्जाचा मसुदा करून ठेवला होता : पाळी सरळ चालीनं लावावी, पहिली-दुसरी-तिसरी. खर्च शून्य, बसच्या वेळा त्याच, माणसं तेवढीच. मामांनी चष्मा लावला, मसुदा वाचला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडायला लागले. आयुष्यभर ड्यूटीचे तास मोजलेला माणूस.

मामा : रविवारची सुट्टी धर. उलट्या चालीत पहिली पाळी शनिवारी दोनला सुटते, तिसरी सोमवारी रात्री दहाला. मधे किती?

भाची : छप्पन्न तास.

मामा : बाकीच्या दोन बदलांना बत्तीस-बत्तीस. आता तुझी सरळ चाल. पहिलीहून दुसरी अठ्ठेचाळीस, दुसरीहून तिसरी अठ्ठेचाळीस. आणि तिसरी रविवारी सकाळी सहाला सुटली की सोमवारी सकाळी सहाला पहिली. चोवीस. बेरीज दोन्हीकडं एकशेवीसच. पण पोरांना गावाकडं जायला छप्पन्न तास मिळतात ते उलट्या चालीत. ती कंपनीनं लादलीय असं तुला वाटतंय. विचार, पोरांनीच मागून घेतली असेल.

भाची : चोवीसच्या जागी एक दिवसाची सुट्टी वाढवून मागता येईल.

मामा : मग खर्च शून्य राहिला नाही. आणि माझ्या दोन रात्री कुठायत यात?

भाची : लिहिते. “किंवा सलग दोनपेक्षा जास्त रात्री नकोत.” झालं?

मामा : झालं. सह्या किती आल्या?

भाची : अकरा.

मामा : जावईबापूंची कितवी?

भाची : त्यांची नाही. ते म्हणतात, छप्पन्न तास सोडायचे नाहीत.